तुम्ही खोलीत नसताना तुमची बाजू कोण मांडणार? अर्जापासून ऑफर लेटरपर्यंत सगळं

मी दोन्ही बाजूंना बसलोय. आधी बरीच वर्षं नोकरी मागणारा म्हणून आणि नंतर इंटरव्ह्यू घेणाऱ्यांमध्ये, आणि त्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर एक गोष्ट कळली जी आधी कुणी सांगितली असती तर माझे बरेच धक्के वाचले असते. इंटरव्ह्यू संपतो, उमेदवार निघून जातो, आणि खरा निर्णय त्यानंतर होतो. तिघंचौघं बसतात, प्रत्येकाच्या डोक्यात दिवसभरात भेटलेल्या सहाजणांची खिचडी झालेली असते आणि कुणीतरी विचारतं, "बोला, कोण?"

एकदा एक मुलगी मला फार आवडली होती, बोलणं स्वच्छ, विचार सरळ. मी म्हणालो हिला घेऊया. समोरच्यानं विचारलं "का?" आणि मी अडकलो, कारण माझ्या कागदावर "चांगली वाटली" याच्यापुढे काही नव्हतंच. दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूनं बोलणाऱ्याकडे मात्र एक वाक्य होतं, की यानं आधीच्या ठिकाणी सगळ्या तक्रारी एका शीटमध्ये आणल्या आणि उत्तर द्यायला चार दिवस लागायचे तिथे एक दिवस लागायला लागला. नोकरी त्याला मिळाली. तो तिच्यापेक्षा हुशार होता असं मला आजही वाटत नाही.

म्हणून खाली जे लिहितोय ते एवढ्यासाठीच, की जो कुणी तुमच्या वतीनं बोलणार आहे त्याच्या हातात बोलण्यासारखं काहीतरी असावं.

पायरी १: जाहिरात नीट वाचा, म्हणजे खरंच नीट

बहुतेक लोक पदाचं नाव, ठिकाण, पगार बघतात आणि अप्लाय दाबतात. तसं करू नका. जाहिरात कॉपी करून कोऱ्या पानावर टाका. जे काम सगळ्यात आधी लिहिलंय आणि जे वेगवेगळ्या शब्दांत दोनतीनदा आलंय ते अधोरेखित करा, कारण त्यांचं खरं दुखणं तिथेच आहे. बाकीचं पुष्कळ वेळा जुन्या जाहिरातीतून उचललेलं असतं, हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. "आवश्यक" आणि "असल्यास उत्तम" हे वेगळं करा. मुख्य काम तुम्ही करू शकत असाल आणि उत्तमवाल्या यादीतलं निम्मंच येत असेल तरी अर्ज करा. पण लायसन्स, ठरावीक पदवी, कामाचा परवाना अशी कायदेशीर अट असेल आणि ती तुमच्याकडे नसेल तर वेळ घालवू नका.

मग पानाच्या मधोमध एक रेघ मारा. डावीकडे त्यांना काय हवंय, उजवीकडे ते मी कुठे केलंय. उजवी बाजू रिकामी राहिली तर दोनच शक्यता, एक तर ही नोकरी तुमची नाही किंवा तुम्हाला तुमचंच काम आठवत नाहीये. दुसरी शक्यता मला फार जास्त वेळा दिसते.

पायरी २: रेझ्युमेच्या आधी प्रसंगांची वही

ही पायरी जवळपास कुणीच करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा हिचाच होतो. एक वही घ्या, फोनमधली नोट चालेल, आणि आतापर्यंतच्या कामातले पंधरा-वीस प्रसंग लिहून काढा. भाषा कशीही असू द्या. काय बिघडलं होतं, मी काय केलं, नंतर काय झालं. गिऱ्हाईक चिडलं होतं तेव्हाचा, सहकाऱ्याशी वाजलं तेव्हाचा, माझी चूक झाली आणि मीच निस्तरली तो, कुणी न सांगता काहीतरी सुधारलं तो, जे येत नव्हतं ते आठवड्यात शिकावं लागलं तो.

मग प्रत्येक प्रसंगात आकडा शोधा. लोक म्हणतात माझ्या कामात आकडे नसतात, पण प्रत्येक कामात असतात, फक्त मोजलेले नसतात. दिवसाला किती फोन घ्यायचात? किती जणांना शिकवलंत? महिन्याचा रिपोर्ट किती तासांत व्हायचा आणि तुम्ही टेम्प्लेट केल्यावर किती तासांत व्हायला लागला? नेमका आकडा आठवत नसेल तर "साधारण तीस" म्हणा, ते प्रामाणिकही आहे आणि चालतं. मनानं बनवलेला आकडा मात्र टाकू नका, कारण पुढचा प्रश्न हमखास येतो, "हे कसं मोजलंत?"

फ्रेशर असाल तर प्रोजेक्ट, कॉलेजचे कार्यक्रम, पार्ट टाइम काम, घरच्या धंद्याचे हिशेब, लहान मुलांच्या शिकवण्या, सगळं धरा. दोनशे जणांच्या कार्यक्रमाची नोंदणी ज्यानं सांभाळली त्यानं याद्या, उशीर, गोंधळ आणि रागावलेली माणसं हे सगळं सांभाळलेलं असतं, आणि नोकरीत तरी दुसरं काय असतं.

पायरी ३: रेझ्युमे

आता त्या वहीतून या जाहिरातीला लागू पडतात तेवढेच प्रसंग उचला. लिओनार्दो दा विंचीनं १४८२ च्या सुमारास मिलानचा कारभार चालवणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही आहे आणि काही लोक गमतीनं त्याला पहिला रेझ्युमे म्हणतात. त्यात तो क्रमांक घालून सांगतो, मी हलके पूल बांधू शकतो, वेढा घालायची यंत्रं करू शकतो, तोफा करू शकतो, कारण समोरच्याला युद्धाची काळजी होती. चित्रकला येते हे अगदी शेवटी, जाता जाता. स्वतः लिओनार्दोनं जर चित्रकला खाली ढकलली तर तुमचं शाळेतलं निबंधाचं बक्षीस निघालं तरी बिघडत नाही.

ओळ कशी लिहायची ते बघा. "ग्राहक सेवेची जबाबदारी सांभाळली" या वाक्यातून काहीच कळत नाही, कारण जबाबदारी तर दिलेली असते, पार पाडली का ते सांगा. "रोज साधारण ४० ग्राहकांचे फोन घेतले, वारंवार येणाऱ्या १२ प्रश्नांची उत्तरं लिहून टीमला दिली, त्यामुळे नवीन माणूस तीन आठवड्यांऐवजी एका आठवड्यात तयार व्हायला लागला." ही ओळ मीटिंगमध्ये कुणीही जशीच्या तशी वाचून दाखवू शकतो, आणि आपल्याला तेच हवंय.

सगळ्यात दमदार ओळी पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्यात ठेवा. अमेरिकेतल्या एका जॉब साइटनं रिक्रूटर लोकांची नजर कुठे फिरते हे मोजलं होतं, तेव्हा पहिल्या नजरेला २०१२ मध्ये साधारण ६ सेकंद आणि २०१८ मध्ये ७.४ सेकंद आले होते. हे आकडे सगळीकडे तंतोतंत लागू होतील असं नाही, पण ढिगातला एकेक कागद वाचणारा माणूस घाईत असतो हे मी छातीठोकपणे सांगतो. नवीन माणसाला एक पान पुरतं, अनुभव असेल तर दोन.

मांडणी साधी ठेवा. मोठ्या कंपन्या अर्ज सॉफ्टवेअरमधून घेतात आणि ते सॉफ्टवेअर तुमच्या फाइलमधला मजकूर उपसून रकान्यात भरतं. दोन कॉलम, टेबल, फोटोत लिहिलेला मजकूर, वरच्या हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर, अशा ठिकाणी ते गोंधळू शकतं. सोपी टेस्ट सांगतो, फाइलमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे क्रम नीट दिसला तर बहुतेक ठीक आहे, पण कंपनीचं नाव एकीकडे आणि तारीख भलतीकडे गेली तर मशीनलाही तसंच दिसणार. आणि लोक समजतात तसं हे सॉफ्टवेअर दर वेळी स्वतःच रेझ्युमे वाचून फेकून देत नाही, बरेचदा ते फक्त साठवतं, गाळतं आणि शोधून देतं. आपोआप नकार येतो तो पुष्कळदा फॉर्ममधल्या हो-नाही प्रश्नांवरून, परवाना आहे का, इतक्या वर्षांचा अनुभव आहे का वगैरे, म्हणून ते प्रश्न घाईत भरू नका. जाहिरातीत जो शब्द आहे तोच तुमच्या कामाला खरोखर लागू होत असेल तर तोच वापरा, म्हणजे शोधणाऱ्याला तुम्ही सापडाल.

फाइलला "रेझ्युमे फायनल नवीन ३" असलं नाव देऊ नका, तुमचं नाव आणि पद टाका. मध्ये गॅप असेल तर लपवू नका, एक ओळ पुरते: "आईच्या आजारपणासाठी आठ महिने घरी." आणि एआयकडून लिहून घेत असाल तर घ्या, पण नंतर मोठ्यानं वाचा. जे वाक्य तुमच्या तोंडात बसत नाही ते काढून टाका, नाहीतर इंटरव्ह्यूमध्ये रेझ्युमे एक माणूस वाटतो आणि समोर बसलेला दुसराच.

पायरी ४: सोबतचं पत्र आणि ओळखी

पत्राचं थोडक्यात सांगतो. पहिल्या दोन ओळींत कुठलं पद आणि का, मग तुमचा सगळ्यात जवळचा एक प्रसंग, आणि शेवटी केव्हा भेटू शकता. रेझ्युमे परत गिरवू नका. शंभर कंपन्यांना पाठवलेलं एकच पत्र वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीतच ओळखू येतं, त्यातून कंपनीचं नाव बदलायचं राहिलं तर विचारूच नका (असली पत्रं येतात हो, नेहमी येतात).

ओळखीबद्दल मात्र जरा थांबू. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक गोष्ट दाखवली जी तेव्हा उलटी वाटली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं की ज्यानं सांगितलं त्याला तुम्ही कितीदा भेटता, तर बहुतेकांचं उत्तर क्वचित किंवा अधूनमधून असं होतं, नेहमी भेटणारे थोडेच निघाले. कारण सरळ आहे, जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं, लांबचा ओळखीचा माणूस दुसऱ्याच वर्तुळात वावरतो. तेव्हा जुने सहकारी, वर्गात मागे बसणारा, एकदा प्रोजेक्टमध्ये भेटलेली मॅडम, यांची यादी काढा.

मेसेज करताना "सर काही व्हेकन्सी आहे का बघा ना" असं लिहू नका, त्यात सगळं काम त्यांच्यावर टाकलेलं असतं. असं लिहा: "नमस्कार, आपण दोन वर्षांपूर्वी अमुक प्रोजेक्टवर एकत्र होतो. तुमच्या कंपनीत अकाउंट्सची जागा निघाली आहे, मी अर्ज करतोय. त्या टीमचं काम कसं चालतं हे दहा मिनिटं फोनवर विचारलं तर चालेल का?" आणि ते रेफर करायला तयार झाले तर लगेच चार ओळींचा मजकूर पाठवा जो ते फक्त फॉरवर्ड करतील. त्यांना तुमची स्तुती लिहायला बसवलंत तर ते काम उद्यावर जातं, आणि उद्याचं पुढच्या आठवड्यावर.

पायरी ५: हिशेब ठेवा

एक शीट करा. कंपनी, पद, तारीख, कुठला रेझ्युमे पाठवला, कोणाशी बोललो, पुढे काय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जाहिरातीची कॉपी सेव्ह करून ठेवा. मुदत संपली की जाहिरात साइटवरून गायब होते आणि तीन आठवड्यांनी फोन आला की तुम्हाला आठवतच नाही काय मागितलं होतं. आठ-दहा दिवसांत काही कळलं नाही तर एकदा सभ्य मेल करा, एकदाच.

यातच एक सावधगिरी. नोकरी द्यायच्या आधी रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, डिपॉझिट, लॅपटॉप अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले तर थांबा. इंटरव्ह्यू न घेता ऑफर, ओटीपी मागणं, मोठ्या कंपनीचं नाव पण मेल फुकटच्या खात्यावरून, हे दिसलं की कंपनीच्या अधिकृत साइटवरचा नंबर शोधून तिथे विचारा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

पायरी ६: पहिला फोन

एचआरचा फोन बसमध्ये असताना येतो, हा नियमच आहे. गोंगाटात बोलू नका, "मी आत्ता प्रवासात आहे, अर्ध्या तासात फोन केला तर चालेल का" असं विचारा, कुणी रागवत नाही. या फोनवर सहसा चारच गोष्टी विचारतात: सध्या काय करता, का सोडताय, कधी जॉइन व्हाल, पगाराची अपेक्षा. चारही उत्तरं आधीच लिहून ठेवा. का सोडताय याला जुन्या बॉसची कहाणी सांगू नका, ती कितीही खरी असली तरी, पुढे काय करायचंय ते सांगा.

पायरी ७: इंटरव्ह्यू

आधी हे समजून घ्या की काही ठिकाणी सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं का विचारतात. निवडीच्या पद्धतींवर खूप संशोधन झालंय. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं आणि २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी असे आकडे पुन्हा तपासले, त्या फेरतपासणीत ठरावीक प्रश्न आणि ठरावीक गुण देणारा इंटरव्ह्यू पुढे काम कसं होईल हे ओळखण्यात सगळ्यात वर आला. म्हणून समोरचा मान खाली घालून लिहीत असेल तर घाबरू नका, तो तुमच्यावर रागावलेला नाही, नोंदी घेतोय. आणि त्या नोंदीच नंतर मीटिंगमध्ये जाणार आहेत! तेव्हा त्याला लिहिता येईल असं बोला. महत्त्वाचा आकडा सांगितलात की क्षणभर थांबा.

"असा एखादा प्रसंग सांगा जेव्हा..." या प्रश्नाला चार टप्प्यांत उत्तर द्या. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, निकाल काय लागला. पहिले दोन टप्पे दोन-तीन वाक्यांत उरका, सगळा वेळ तिसऱ्याला द्या. आपल्याकडून हमखास उलटं होतं, परिस्थिती सांगण्यातच तीन मिनिटं जातात आणि मग "आम्ही ते सोडवलं" म्हणून विषय संपतो. हे "आम्ही" फार घात करतं. नम्रता म्हणून ठीक आहे, पण लिहिणाऱ्याला कळत नाही तुम्ही काय केलंत. टीमला श्रेय द्या आणि मग "त्यातलं माझं काम असं होतं" म्हणून पुढे जा.

नमुना बघा. प्रश्न: चूक झाली तेव्हा काय केलं? "मी महिन्याच्या शेवटी पेमेंटची यादी पाठवायचो. एकदा जुनी फाइल गेली आणि सात जणांना चुकीची रक्कम दाखवली गेली. मला दुपारी कळलं. मी लगेच मॅनेजरला सांगितलं, सातही जणांना स्वतः फोन केले, संध्याकाळपर्यंत दुरुस्त यादी पाठवली. मग फाइलच्या नावात तारीख घालायची आणि पाठवण्याआधी दुसऱ्यानं बघायचं असं ठरवून घेतलं. त्यानंतर मी तिथे होतो त्या वर्षभरात तसं पुन्हा झालं नाही." एका मिनिटाच्या आत संपलं. चूक खरी आहे, लपवलेली नाही, आणि पुढे काय बदललं ते आहे. "माझी कमजोरी म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर ऐकून ऐकून आमचे कान किटलेत.

वहीतले पाच-सहा प्रसंग असे तयार ठेवा. पाठ करू नका, प्रत्येकाला तीन शब्दांचं नाव द्या आणि मोठ्यानं बोलून रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज ऐकणं त्रासदायक आहे, मान्य, पण दोनदा ऐकलं की कुठे फाफटपसारा होतो ते आपोआप दिसतं. "तुमच्याबद्दल सांगा" ला दीड मिनिट पुरे: सध्या काय करतो, इथवर कसा आलो, ही जागा का. जन्मगाव, छंद, घरी कोण कोण, हे नको.

उत्तर येत नसेल तर? "मी हे वापरलेलं नाही. याच्या जवळचं अमुक वापरलंय, आणि हे करायचं झालं तर मी इथून सुरुवात करेन." असं म्हणणाऱ्याला मी गुण दिलेत. फेकाफेकी करणाऱ्याची मात्र बाकीची खरी उत्तरंही संशयात जातात.

व्हिडिओवर असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, उजेड समोरून, खिडकी पाठीमागे नको, नोटिफिकेशन बंद, फोनचं इंटरनेट तयार, दहा मिनिटं आधी लिंक तपासा. प्रसंगांची नावं लिहिलेला कागद कॅमेऱ्याशेजारी चिकटवा, पण उत्तरं वाचून दाखवू नका, डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" याला "नाही" म्हणू नका. मी तीन प्रश्न सुचवतो. पहिल्या तीन महिन्यांत काय झालं तर तुम्ही म्हणाल की माणूस बरोबर निवडला? या कामातला सगळ्यात अवघड भाग कुठला? आणि तिसरा जरा धाडसाचा, माझ्याबद्दल एखादी शंका असेल तर आत्ताच बोलूया का? हा तिसरा प्रश्न मला एकीनं विचारला होता. मी म्हणालो, तुम्ही एवढी मोठी टीम सांभाळलेली नाही. तिनं दोन मिनिटांत एक प्रसंग सांगितला, आणि मीटिंगमध्ये तीच शंका दुसऱ्यानं काढली तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं.

पायरी ८: नंतरचं

त्याच दिवशी चार ओळींचा मेल. आभार, बोलण्यातला एखादा नेमका मुद्दा, आणि उत्तर देताना राहून गेलेली एक गोष्ट. नकार आला तरी एक सभ्य उत्तर द्या, कारण निवडलेला माणूस ऐनवेळी येत नाही असंही होतं आणि मग यादीतल्या दुसऱ्याला फोन जातो.

पगाराचं बोलणं आलं की आधी त्यांचं बजेट विचारा. सांगत नसतील तर चौकशी करून ठरवलेली रेंज सांगा, आणि तुम्हाला खरंच परवडेल तो आकडा रेंजच्या खालच्या टोकाला ठेवा, कारण तेच टोक धरलं जातं. आकडा सांगून झाला की गप्प बसा. ती शांतता खायला उठते आणि आपण स्वतःच "पण थोडं कमी चालेल" म्हणून मोकळे होतो.

ऑफर तोंडी आली की आनंद व्हायलाच हवा, पण लेखी मागा. त्यात पद, रक्कम, त्यातली नक्की मिळणारी किती आणि कामगिरीवर अवलंबून किती, जॉइनिंगची तारीख, प्रोबेशन, सोडताना किती दिवसांची नोटीस आणि काही बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) आहे का, एवढं वाचा. काही खटकलं तर सही करायच्या आधी विचारा, आणि जुन्या ठिकाणचा राजीनामा हे सगळं हातात आल्यावर.